पोस्टरचे उरलेले दोन कागद

त्या चित्रपटाचे नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिले की जाहिरात होते, आणि त्याच्या जाहिरातीसाठी मी एकदा जेवढे केले तेवढे पुरे आहे. टॉकीजच्या मालकाने माणूस नेमला असता, तरी त्याने एवढे केले नसते.

गोष्ट १९८८ च्या जानेवारीतली. धुळ्याच्या देवपूर भागात, पांझरा नदीच्या अलीकडे, मी एका प्राथमिक शाळेत सातवीला शिकवीत होतो. माझे नाव निंबा; पण नावाने हाक मारणारी माणसे तोवर संपत आली होती. सगळे गुरुजीच म्हणत. नोकरीला बत्तीस वर्षे झाली होती आणि एवढ्या काळात मी दोनच नियम कधी मोडू दिले नाहीत. पहिला, निबंधात जे पाहिले तेच, पाहिले तसेच लिहायचे. दुसरा, लिहिलेला निबंध घरी मोठ्यांना वाचून दाखवायचा आणि त्याखाली त्यांची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा. तपासून मार्क दिले की पुन्हा एकदा सही. घरच्या माणसांना लेकराचे शिक्षण कानांनी तरी कळावे, एवढाच हेतू होता. या नियमांचा मला अभिमान होता. पुढे काय झाले ते पाहता तो अभिमान मी जरा कमी बाळगायला हवा होता.

शाळेसमोर एक भिंत होती. त्या भिंतीवर एका सकाळी चित्रपटाचे पोस्टर लागले. मोठे पोस्टर एका कागदाचे नसते, सहा कागद जोडून होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आमच्या भिंतीवर चारच कागद मावले. चिकटवणाऱ्याने उरलेले दोन कोपऱ्यावरून वळवून गल्लीत लावले. त्या गल्लीत देशी दारूचे दुकान असल्यामुळे मी बत्तीस वर्षांत तिकडे वळलो नव्हतो. मला दिसत होते ते चार कागद असे: धोतर नेसलेला एक तरुण शिक्षक, हातात खडू, मागे फळा, भोवती पंधरा-वीस मुले, आणि वर तांबड्या अक्षरांत ‘एका शिक्षकाची कहाणी’. शिक्षकाची नजर उजवीकडे कुठेतरी लांब लागली होती. मला वाटले, देशाच्या भवितव्याकडे पाहतो आहे.

त्या दिवसापासून भोंग्याची रिक्षा देवपुरात फिरू लागली. ‘प्रत्येक मायबापाने पाहावा, प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा, रुमाल घेऊन यावे.’ रिक्षा शाळेच्या दारात थांबून ओरडे आणि मुलांचे सगळे लक्ष तिकडे जाई. सलूनमध्ये तीच चर्चा, पिठाच्या गिरणीत तीच. आमच्या घरात माझ्या पत्नी नर्मदाबाईंनी तेवढे विचारले, “इतका चांगला आहे तर इतकं ओरडून का सांगतात?” मी त्यांना म्हणालो, ज्यातले आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये. हे वाक्य मी स्वतःला कधीच म्हटले नव्हते.

शेजारी जीवरामभाऊ राहत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळ्या गावांच्या बातम्या आपल्याकडे आधी येतात अशी त्यांची समजूत. ते म्हणाले, “गुरुजी, डोळे मिटून मुलांना न्या. माझा साडू केळीचा व्यापारी, त्याने सावद्याला पाहिला. रडत बाहेर आला.”

“कोणत्या प्रसंगाला रडले?”

“ते काही तो बोलला नाही. बोलण्याच्या स्थितीतच नव्हता.”

पुढे महिनाभराने कळले की साडूने खुर्चीवर पाय वर घेतले होते आणि अंधारात कोणीतरी त्यांच्या नव्या कोऱ्या वहाणा नेल्या. सावद्याहून आपल्या मळ्यापर्यंत ते अनवाणी गेले. पण तेव्हा मला वाटले, ज्या चित्रपटाने केळीचा एक व्यापारी बोलेनासा होतो, त्यात काहीतरी असलेच पाहिजे.

शनिवारी सकाळी शाळांसाठी खास खेळ होता. मी अर्ज केला. आमचे मुख्याध्यापक पितांबर सर सज्जन होते, पण कोणत्याही कागदावर आपली सही दुसऱ्याच्या सहीखाली आणि शक्यतो लहान करीत. त्यांनी मला शिक्षण कार्यालयात धाडले. तिथले लिपिक मगनराव यांनी छापील नमुना पुढे केला. त्यात एक ओळ होती: ‘सदर चित्रपट शैक्षणिक असल्याची मी स्वतः पाहून खात्री केली आहे.’

मी म्हणालो, “मी पाहिलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर इथे रिळांची पेटी येणार.”

“मग शुक्रवारी पाहा आणि सोमवारी अर्ज करा.”

“खेळ शनिवारी आहे.”

मगनरावांनी चष्मा काढून पुसला. “गुरुजी, या नमुन्यावर आजवर शंभर सह्या झाल्या असतील. पाहून कोणी केली असेल, असं मला वाटत नाही. तुमची तरी अडचण काय? पोस्टर पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग ‘पाहून’ खोटं कुठे आहे?”

मी सही केली. परवानगी मिळाली ती एका अटीवर: मुलांचे पाच निबंध पालकांच्या सहीसह कार्यालयात जमा करायचे. ही अट वाचून मला तर आनंदच झाला. सरकारला माझी पद्धत पटली असे वाटले.

एकसष्ट मुलांपैकी साठांच्या घरून होकार आला. राहिली कोकिळा.

कोकिळेबद्दल सांगायला हवे, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे. तिचे वडील हिलालभाऊ जिनिंगमध्ये कपाशीची ओझी वाहत. थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी सातवीच्या निकालाचीही वाट न पाहता लावून दिले होते. कोकिळेसाठी अमळनेरकडचे एक स्थळ दोन दिवाळ्यांपासून निरोप पाठवत होते. आणि ही मुलगी अशी की फळ्यावरचे माझे गणित चुकले तर हात वर करून उभी राही आणि मी विचारेपर्यंत बोलत नसे. चार वर्षे मी सुट्टीच्या दिवशी हिलालभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसत होतो. शेवटी गेल्या दिवाळीत ते म्हणाले, “मी काय शाळा शिकेल नही, गुरुजी. तुम्ही म्हनतस ते आठवीले घालू.” त्या वाक्यासाठी मी चार वर्षे चहा प्यालो होतो. तो चहा फार गोड असे आणि मला गोड चालत नाही.

चित्रपटाचे मी विचारले तेव्हा ते ओट्यावर पाय चोळत बसले होते. “पिच्चरले? पोरीले?”

“हिलालभाऊ, तो तसला नाही. शिक्षकाची गोष्ट आहे. माझ्या शब्दावर पाठवा.”

त्यांची बायको द्रौपदाबाई दाराआडून म्हणाली, “गुरुजीना सबद शे तर धाडा.”

हिलालभाऊंनी मान हलवली. कोकिळा आत भांडी घासत होती. तिने आवाज थांबवला नाही, फक्त भांडी जरा लवकर घासली जाऊ लागली.

शनिवारी आम्ही दोन-दोनांच्या रांगेने पूल ओलांडून टॉकीजला गेलो. मी पुढे, पितांबर सर सर्वांत मागे. पडद्यावर प्रथम सरकारी प्रमाणपत्र आले. मी मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणालो, “बघा, सगळ्यांनी पाहण्याजोगा, असं सरकारने लिहून दिलं आहे.” पहिली आठ-दहा मिनिटे बरी गेली. शिक्षक एस.टी.तून उतरला, गावाच्या पाया पडला, वर्गात गेला, फळ्यावर तारीख घातली. मी मुलांकडे वळून पाहिले. तारीख घातल्याचा मला फार आनंद झाला होता.

त्यानंतर त्या शिक्षकाने संपूर्ण चित्रपटात फळ्यावर काही लिहिले नाही. फळा त्याने एकदाच वापरला, सावकाराच्या माणसाच्या डोक्यात घालायला. शाळेचा शिपाई जे विनोद करी त्यांवर मागच्या बाकांवरून शिट्ट्या येत. आणि माझ्या वर्गातली काही मुले, शिट्टी का वाजली हे न कळल्यामुळे, एकमेकांना विचारून विचारून अर्थ लावू लागली. मी बाकांच्या रांगेत उभा राहून म्हणालो, “डोळे मिटा.” मुलांनी मिटले. माझ्या सांगण्यावर मुले मिटतातच. पण कान मिटता येत नाहीत, ही गोष्ट मी शरीरशास्त्राच्या पाठात दरवर्षी शिकवत असूनही त्या वेळी विसरलो होतो.

मी दाराशी गेलो. तिथे पुना नावाचा दरवान स्टुलावर बसला होता. “दार उघडा, मुलांना बाहेर न्यायचं आहे.”

“इंटरव्हलशिवाय गेट उघडत नाही, गुरुजी. पोरं बाहेर गेली की बाहेरची पोरं आत येतात.”

“पण आत काय चाललंय ते पाहताय ना?”

“मी दिवसाचे चार वेळा पाहतो,” पुना म्हणाला. “तुमचं तर पहिल्यांदाच आहे.”

मध्यंतर झाले आणि दार उघडले. इथे मी जी चूक केली, तिला दुसरा कोणी जबाबदार नाही. पितांबर सर म्हणाले, “निंबा गुरुजी, काढायची का रांग?” मी अंगणात उभा राहून विचार केला. बत्तीस वर्षांत पहिल्या सहामाहीत नापास झालेली कितीतरी मुले मी दुसऱ्या सहामाहीत वर येताना पाहिली होती. कोणालाही अर्ध्यावर सोडू नये, असे मी नव्या शिक्षकांना सांगत असे. मला मनापासून वाटले की हा माणूस आता सुधारेल. गोष्टीचे नावच शिक्षकाची कहाणी आहे. कधीतरी तो शिकवेल. मी म्हणालो, “थांबू या.”

दुसऱ्या भागात तो वर्गात बसून दारू प्याला. मग पाण्याची टाकी फुटली आणि तिच्याखाली नवी शिक्षिका सापडली. ती जे गाणे म्हणू लागली त्याच्या दुसऱ्या ओळीनंतर मी बाकावर उभा राहिलो आणि मुलांना म्हणालो, “सतराचा पाढा. मोठ्याने.” एकसष्ट मुलांनी डोळे मिटून सतराचा पाढा सुरू केला. मागचे लोक ओरडले, “ए मास्तर, खाली बस.” कोणीतरी शेंगांची टरफले मारली. पुना बॅटरी घेऊन आला आणि तिचा उजेड माझ्या तोंडावर धरून म्हणाला, “गुरुजी, लोकांनी तिकिटं काढलीत.” मी म्हणालो, “आम्हीही काढलीत.” पाढा संपला तरी गाणे संपेना, म्हणून अठराचा घेतला. अठराच्या पाढ्याला आवाज कमी झाला. काही मुलांना अठराचा येत नव्हता, आणि काहींनी डोळे उघडले होते.

नंतर एका बाईवर चार माणसे धावून गेली. तो प्रसंग मी सांगत नाही. मी बाकावरून उतरलो आणि मुलींच्या रांगेपुढे हात पसरून उभा राहिलो. शेवटी शिक्षकाने सतरा माणसे मारली आणि पडद्यावरच्या मुलांनी त्याला हार घातला. दिवे लागले. पितांबर सर त्यांच्या जागेवर नव्हते. ते दार उघडताच बाहेर जाऊन रांगेची तयारी करत होते.

पुलावरून परतताना कोणी बोलले नाही. शाळेच्या सहलीत मुले गप्प असली की मला अभिमान वाटत असे. त्या दिवशी वाटला नाही. मध्येच एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, तो खरा शिक्षक नसेल ना? त्याला शिक्षण मंडळाने काढून टाकायला पाहिजे.” एवढा एक पाठ तेवढा सफळ झाला म्हणायचा.

संध्याकाळी मी त्या भिंतीपाशी गेलो, आणि आयुष्यात प्रथमच कोपऱ्यावरून गल्लीत वळलो. उरलेले दोन कागद तिथे होते. त्यांवर टाकी होती, शिक्षिका होती, बाटली होती. चार कागदांवरचा शिक्षक उजवीकडे पाहत होता तो या दोन कागदांकडे. बाहेर पडताना जीवरामभाऊ भेटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, दुकानाकडे पाहिले आणि मान खाली घालून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईंना नळावर कोणीतरी विचारले की गुरुजी कधीपासून घ्यायला लागले.

सोमवारी निबंधाचा तास आला. निबंध टाळावा असे माझ्या मनात होते. पण कार्यालयाला पाच हवे होते. मी फळ्यावर लिहिले, ‘मी पाहिलेला चित्रपट’, आणि म्हणालो, “थोडक्यात लिहा. चांगलं तेवढंच लिहा.”

कोकिळेने हात वर केला. मी मान हलवली तेव्हा ती उभी राहिली. “गुरुजी, वाईट गाळलं तर पाहिलं तसं कसं होईल?”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणू शकलो असतो, या वेळेपुरते होईल. आजवर त्या मुलांना मी शिकवले ते सगळे त्या एका वाक्यात गेले असते. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, “बरोबर आहे. पाहिलं तसं लिही.”

बाकीच्या साठ मुलांनी भोंग्यावरची वाक्ये लिहिली: चित्रपट फार बोधप्रद होता, रुमाल भिजले. कोकिळेने साडेचार पाने लिहिली. शिपायाचे विनोद, बाटली, टाकी, चार माणसे. काहीही वाढवले नाही, काहीही गाळले नाही. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. शेवटी तिने लिहिले होते: ‘पडद्यावरच्या गुरुजींनी एकदाही शिकवले नाही. आमचे गुरुजी आम्हाला दिसू नये म्हणून हात पसरून मध्ये उभे राहिले, पण पडदा मोठा होता.’

आणि नियमाप्रमाणे ती वही घरी घेऊन गेली, वडिलांना दिव्यापाशी बसवले, आणि साडेचार पाने स्पष्ट आवाजात, स्वल्पविराम सांभाळून वाचून दाखवली. मीच तिला तसे वाचायला शिकवले होते.

मंगळवारी हिलालभाऊ शाळेत आले. जिनिंगचा खाडा करून आले होते, आणि कपाशीचे तंतू त्यांच्या पागोट्यावर होते. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी काही बोललो असतो.

“पोरनी बठ्ठं वाची दखाडं,” ते म्हणाले. “ती खोटं लिखस नही. हाई तुम्हीच शिकाडं.”

“हिलालभाऊ, माझी चूक झाली.”

“तुम्ही तो पिच्चर पाह्येल व्हता का?”

“नाही.”

“मंग सबद कशावर दिन्हा?”

मी पोस्टरचे सांगितले. चार कागदांचे, दोन कागदांचे, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “आठवीनी ती शाळा. ती तरी तुम्ही आतमां जाईसन पाही शे का?”

मी चार वर्षे त्या मुलींच्या शाळेचे गुण त्यांच्या ओट्यावर गात होतो. शाळा पुढच्याच रस्त्याला होती. मी रोज तिच्यावरून जात असे. फाटकावरचा फलक छान होता, मुली गणवेशात असत. मी आत कधी गेलो नव्हतो.

हिलालभाऊंना माझ्या चेहऱ्यावरून कळले. “दाखला द्या,” ते म्हणाले. “पोर अमळनेरले देतस.”

मी परीक्षेला अडीच महिने आहेत म्हणालो. निदान सातवी होऊ द्या म्हणालो. उद्या मी स्वतः त्या शाळेत जातो, बाईंना भेटतो, तुम्हाला घेऊन जातो म्हणालो. ते एकेका वाक्याला मान हलवत होते, जशी माणसे भोंग्याची रिक्षा जाईपर्यंत थांबतात तशी.

दाखला मी भरला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी ‘चित्रपट’ असे लिहिले. पितांबर सरांनी तो परत पाठवला. कार्यालयात असे कारण चालत नाही. मी ‘वर्गशिक्षकाची चूक’ असे लिहिले. तोही परत आला आणि सोबत सर स्वतः आले. “निंबा गुरुजी,” ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “छापील कारणं तीनच आहेत. त्यातलं एक घाला. पोरीला पुढे उगाच कोणी विचारायला नको.” तिसऱ्या कागदावर मी ‘घरगुती कारण’ असे लिहिले. पितांबर सरांनी माझ्या सहीखाली लहानशी सही केली.

कोकिळा बुधवारी एकटीच आली, वाचनालयाचे पुस्तक परत करायला. दाखला तिच्या हाती दिला. तिने तो वाचला, घडी करून पुस्तकाच्या रिकाम्या पिशवीत ठेवला आणि वही काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“गुरुजी, निबंध तपासायचा राहिला.”

मी वही उघडली. साडेचार पाने, आणि खाली हिलालभाऊंचा अंगठा. नेहमी तो फिकट, घाईत टेकवलेला असे. या वेळी इतका दाबलेला होता की शाई मागच्या पानावर उतरली होती.

“यात काय चुकलं, गुरुजी?”

“काही चुकलं नाही.”

मी मार्क दिले. बत्तीस वर्षांत निबंधाला मी दहापैकी दहा कोणालाही दिले नव्हते. साडेआठच्या पुढे माझा हात जात नसे. तिने आकडा पाहिला. आधी तिला वाटले मी चुकून लिहिला, म्हणून तिने हात वर केला आणि मग, वर्ग रिकामा आहे हे लक्षात येऊन, खाली घेतला.

वही छातीशी धरून ती दारापर्यंत गेली आणि थांबली. नियम तिला पाठ होता.

“मार्कांवर बाबांचा अंगठा घेऊन कधी येऊ, गुरुजी?”